डोंगल, ओहम आणि रिकामा खिसा

गेल्या सेमिस्टरला नवा फोन घेतला, खोलीवर आलो, आणि तेव्हा कळलं की इअरफोनची पिन खुपसायला त्याला भोकच नाही! २०१६ साली आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा जॅक गेला आणि मग बऱ्याच कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. ब्लूटूथवाला घे, असं सगळे म्हणाले. पण माझा जुना वायरवाला छान वाजत होता, शिवाय त्याला चार्जिंगची कटकट नाही. मग एम. जी. रोडवरून शंभर रुपयांचा अ‍ॅडॅप्टर आणला. रूम पार्टनरच्या फोनवर तो वाजला, माझ्या फोनवर मात्र ढिम्म.

त्याचं कारण असं. फोनच्या पोटात गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचं व्होल्टेज बनवते ती चिप म्हणजे डॅक. काही फोन यूएसबी-सीमधून तयार अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर देतात, त्यांना नुसत्या तारा जोडलेला अ‍ॅडॅप्टर पुरतो. माझा फोन फक्त आकडे देतो, म्हणजे डॅक डोंगलमध्येच हवा. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, आणि पैसे देण्याआधी स्वतःच्या फोनला लावून बघा.

यातून शहाणपण यावं की नाही? पण एका सीनियरने सांगितलं, "अ‍ॅम्प लाव, आवाज खुलतो." दोन महिने वडापाववर काढून मी खिशात मावणारा अ‍ॅम्प घेतला. गाणं थांबलं की कानात नुसतं सुंऽऽ!

आधी गणित करायला हवं होतं. साधा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. माझा इअरफोन ३२ ओहमचा. व्ही स्क्वेअर बाय आर, म्हणजे सुमारे ३१ मिलिवॅट. सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला १०० डेसिबल. ३१ पट म्हणजे वर १५, एकूण ११५ डेसिबल. कान फुटायला एवढं पुरे की! मला अ‍ॅम्पची गरजच नव्हती. त्याने फक्त स्वतःची खरखर मोठी करून ऐकवली.

इथे एक मेख आहे. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला देतात, काही व्होल्टला. ३२ ओहमला या दोन आकड्यांत १५ डेसिबलचा फरक पडतो. युनिट न बघता तुलना केली तर पेपरात जातात तसे इथेही मार्क जातात.

दुसरी गोष्ट थेवेनिनची (हो, तोच!). डोंगलचा आउटपुट इम्पीडन्स आणि इअरफोन मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतो. समजा सोर्स १० ओहमचा आहे आणि इअरफोन एका फ्रिक्वेन्सीला १६, दुसरीला ४० ओहम आहे. मग दोन्हींत सव्वादोन डेसिबलचा फरक आपोआप पडतो, म्हणजे गाण्याचा पोतच बदलतो. म्हणून आउटपुट इम्पीडन्स इअरफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ठोकताळा आहे.

आणि ते ३८४ किलोहर्ट्झ वगैरे? आपल्या नाशकात जन्मलेले द. वि. पलुस्कर १९५५ साली गेले. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये जे वरचे सूर टिपलेच गेले नाहीत, ते कुठला डॅक आणून देणार? सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट ऐकायला भरपूर आहेत. मी दुकानात पलुस्कर आणि नाशिक ढोल अशा दोन फाइल घेऊन जातो. एकीत गळा कळतो, दुसरीत ठोका घट्ट आहे की नुसता घुमतोय ते कळतं. फक्त दोन्ही वस्तूंचा आवाज सारखा ठेवून ऐका, कारण जे मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. माझ्या अनुभवात डोंगल बदलून उन्नीस-बीस फरक पडतो, इअरफोन बदलला की जमीन-अस्मान. पैसे तिथे घाला.

आवाजाचंही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी.

माझा अ‍ॅम्प शेवटी आमच्या लॅबमधल्या एका सरांनी अर्ध्या किमतीत घेतला. त्यांचा हेडफोन ३०० ओहमचा आहे. त्याला १ व्होल्टवर जेमतेम ३.३ मिलिवॅट मिळतात आणि हळू रेकॉर्ड केलेली आलापी दबून जाते. अ‍ॅम्पच्या २ व्होल्टवर तेच १३ होतात. सर खूश आहेत, आणि मी परत मेसला जेवतो.