सेकंदाला तीस कंपने

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात येणारे कंपवाताचे रुग्ण झाँ-मार्तँ शार्को यांना सांगत, की रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला की अंग सैल पडते, दुखणे ओसरते आणि उतरल्यावरही काही काळ बरा जातो. शार्को हे त्या काळी युरोपातले अतिशय नामवंत मज्जाविकारतज्ज्ञ. त्यांनी रुग्णांचे हे बोलणे मनावर घेतले आणि विजेवर हादरणारी खुर्ची बनवून घेतली. १८९२ मध्ये त्यांनी या उपचारावर व्याख्यान दिले. पुढच्याच वर्षी ते वारले आणि काम अर्धवट राहिले.

शिकागोच्या रश विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तोच प्रयोग काटेकोरपणे पुन्हा केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. कंपवाताच्या काही रुग्णांना महिनाभर रोज अर्धा तास हादरणाऱ्या खुर्चीत बसवले. बाकीच्यांनाही खुर्ची तीच, कानावर पडणारे शांत आवाजही तेच, फक्त हादरे नाहीत. महिन्याअखेर हालचाल सुधारली ती दोन्ही गटांची. रुग्णांना वाटलेला आराम खरा होता, पण त्याचे श्रेय हादऱ्यांना देता येईना.

कंपनाच्या उपचाराबद्दल काहीही वाचताना हा प्रयोग हाताशी ठेवावा असे मला वाटते. कारण आता खुर्चीच्या जागी फळी आली आहे. व्हायब्रेशन प्लेट या नावाने ती जिममध्ये, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आणि ऑनलाइन दुकानांत मिळते. दहा मिनिटे नुसते उभे राहा, वजन उतरेल, गुडघे मोकळे होतील, हाडे भरून येतील, असे सांगून ती विकली जाते. पन्नाशी-साठीच्या ज्या बायकांना हाडे ठिसूळ झाल्याचा रिपोर्ट नुकताच हातात पडलेला असतो, त्यांना हे ऐकून किती हायसे वाटत असेल!

फळीवर शरीरात नेमके काय घडते ते आधी पाहू. स्नायूंच्या आत लांबीतला फरक टिपणाऱ्या बारीक संवेदी रचना असतात. स्नायू अचानक ताणला की त्या मज्जारज्जूला कळवतात आणि मेंदूला विचारण्याआधीच स्नायू आकसतो. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो याच वाटेने. स्नायूला भराभर कंप दिला तर तो आपोआप आवळून राहतो, हे स्वीडनमधल्या हागबार्थ आणि एक्लुंड यांनी १९६६ च्या सुमारास दाखवले. फळीवर उभे राहिले की पोटऱ्या आणि मांड्या याच तऱ्हेने कामाला लागतात. पायांना खाज सुटते, त्वचा लालसर होते. गुडघे किंचित वाकवलेले असतील तर हादरा मांड्यांतच जिरतो. ते ताठ ठेवले, तर तोच हादरा मणक्यातून थेट डोक्यापर्यंत चढतो, दात वाजू लागतात, बोलताना आवाज कापतो.

खरी मेख मात्रेत आहे. फळी सेकंदाला ३० वेळा खालीवर होत असेल आणि मधल्या स्थितीपासून दोन मिलिमीटर सरकत असेल, तर पायाला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सातपट भरतो. तेवढ्याच वेगाने कंप पावणारी, पण गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांशच हिसका देणारी फळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही हलत नाही. डोळ्यांना ती स्थिरच दिसते. या दोन यंत्रांना एकच नाव आहे आणि एकाच्या संशोधनावर दुसऱ्याचा माल खपतो, याचा मला मनापासून राग येतो.

हाडांबद्दलची आशा निर्माण केली ती या दुसऱ्या, न दिसणाऱ्या कंपनाने. न्यू यॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात क्लिंटन रुबिन यांनी मेंढ्यांचे फक्त मागचे पाय अशा फळीवर ठेवले. दिवसाला वीस मिनिटे, वर्षभर. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी जो जाळीदार भाग असतो, त्याची घनता बाकीच्या मेंढ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त भरली. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आले आणि जगभर त्याची चर्चा झाली. होणारच होती. एवढ्या हलक्या स्पर्शाने हाड वाढते, ही खरोखरच विलक्षण गोष्ट होती.

माणसांत मात्र ते जमले नाही. टोरांटोमध्ये रजोनिवृत्ती झालेल्या २०२ स्त्रियांवर वर्षभर अभ्यास झाला. फळी मिळालेल्या स्त्रिया घरी रोज वीस मिनिटे तिच्यावर उभ्या राहायच्या. २०११ मध्ये निकाल आला, तेव्हा त्यांच्या आणि फळी न मिळालेल्या स्त्रियांच्या हाडांत फरक नव्हता. बॉस्टन परिसरातल्या १७४ वृद्धांवरचा अभ्यास तर दोन वर्षे चालला. तिथेही २०१५ मध्ये तेच उत्तर मिळाले. २०१७ मध्ये जॉर्जियातल्या शास्त्रज्ञांनी लठ्ठ, मधुमेही उंदरांवर प्रयोग केला आणि कंपन व्यायामाइतकेच गुणकारी, अशा बातम्या झळकल्या. त्या उंदरांचे दाखले आजही जाहिरातींत सापडतात. टोरांटोच्या बायकांचा उल्लेख कुठे नसतो.

मग हे सगळे फोल आहे का? बर्लिनचा प्रयोग वाचल्यावर तसे म्हणवत नाही. अंतराळात किंवा दीर्घ आजारात माणूस पडून राहिला की स्नायू आणि हाडे झिजतात. त्यावर उपाय शोधण्यासाठी २००३ पासून तिथे वीस धडधाकट तरुणांना आठ आठवडे अंथरुणावरच ठेवले. त्यांतल्या निम्म्यांना काहीच करायचे नव्हते. उरलेले पडल्या पडल्याच खांद्या-कमरेला पट्टे लावून पायाशी बसवलेल्या हादरत्या फळीवर जोर लावत. त्यांच्या पोटऱ्या आणि नडगीची हाडे बरीच टिकली, नुसते पडून राहिलेल्यांची झिजली. पण हा गुण जोराचा की हादऱ्याचा? ते तपासायला दुसरा प्रयोग झाला. मोठा वाटा व्यायामाचाच निघाला, हाडांच्या बाबतीत कंपनाने काहीशी भर घातली. यातून मी एवढेच घेतो, की फळीवर स्वतः कष्ट केले तर फळी मदत करते. बैठका काढणाऱ्याला तिचा उपयोग आहे, तिच्यावर उभे राहून मोबाइल पाहणाऱ्याला नाही.

हादऱ्यांची दुसरी बाजू आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकांना विचारावी. दिवसभर सीटमधून येणारे कंपन कमरेचा घात करते, म्हणूनच युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांसाठी त्याची रोजची मर्यादा कायद्याने ठरवली. फळीवरचा वेळ मिनिटांचा असतो, पण तिथला हिसका मोठा असू शकतो. गर्भवती, पायात रक्ताची गुठळी झालेले, पेसमेकर बसवलेले, नुकतेच हाड मोडलेले किंवा सांधा बदललेले, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेले आणि मुतखडा किंवा पित्ताशयात खडे असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्यावर पाऊलही ठेवू नये. विकणाऱ्याने हे आधी विचारायला हवे. खोक्यातल्या माहितीपत्रकावर बारीक अक्षरात छापून त्याची जबाबदारी संपत नाही.

एका अभ्यासाकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळतो. हाँगकाँगमधल्या वस्त्यांतल्या ज्येष्ठांच्या केंद्रांत ७१० वयस्कर स्त्रियांवर दीड वर्ष तो चालला. निम्म्या जणी आठवड्यातून पाच दिवस वीस-वीस मिनिटे हलक्या कंपनाच्या फळीवर उभ्या राहत. २०१४ मध्ये निकाल आला. हाडांची घनता इथेही वाढली नव्हती. पण फळी न मिळालेल्या बायकांपैकी जवळपास २९ टक्के जणी त्या काळात पडल्या किंवा त्यांचे हाड मोडले, तर फळीवाल्यांत हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आत राहिले. पायांत जोर आणि तोलही सुधारला होता. खुब्याचे हाड मोडते ते बहुतेक वेळा पडल्यामुळेच, आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडलेली आजी त्यानंतर क्वचितच पूर्वीसारखी चालते. शिकागोचा धडा इथेही लागू आहे : त्या बायका रोज केंद्रात येत होत्या, उठत-बसत होत्या, चार जणींत मिसळत होत्या, आणि या साऱ्याचाही गुण असणारच. म्हणून आपल्याकडच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने हा प्रयोग विरंगुळा केंद्रांत नेटाने करून पाहावा : एका गटाला कठड्याची फळी, दुसऱ्या गटाला त्याच वेळी, त्याच केंद्रात खुर्ची धरून उठबशा.