पुन्हा पुन्हा हरण्याचा खेळ

गणिताच्या चाचणीत दोनदा नापास झालेला विद्यार्थी तिसऱ्यांदा पेपर लिहायला सहसा खुशीने बसत नाही. तोच विद्यार्थी संगणकावरच्या एखाद्या खेळात एका संध्याकाळी पाच वेळा हरतो आणि सहावा डाव मांडतो. ‘खेळात मजा असते, अभ्यासात नसते’ हे उत्तर पुरेसे नाही. कारण असेही पुष्कळ खेळ आहेत की त्यांत दोनदा हरल्यावर खेळाडू चिडून ते कायमचे बंद करतात. म्हणजे हरणे दोन्हीकडे आहे, पण एका ठिकाणी ते सोसले जाते, दुसऱ्या ठिकाणी नाही. हा फरक कशामुळे पडतो? खेळाडूंनी एका विशिष्ट प्रकारच्या खेळांना दिलेल्या प्रतिसादातून या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

तीन घराण्यांचे मिश्रण

या खेळांचे पूर्वज तीन आहेत. पहिले घराणे १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सुरू झाले. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. (हा रोग म्हणजे आजार नव्हे, या इंग्रजी शब्दाचा अर्थ भामटा.) या खेळातले भुयार संगणक प्रत्येक डावात नव्याने रचत असे आणि खेळाडू एकदा मेला की सारे संपत असे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! २०१३ साली आलेल्या ‘रोग लेगसी’ या खेळाने ही शिक्षा सौम्य केली. खेळाडू मेला तरी त्याने मिळवलेले धन वारसाच्या कामी येई. अशा सौम्य प्रकाराला ‘रोगलाइट’ हे नाव रूढ झाले.

दुसरे घराणे नगररचनेचे. विल राइट यांचा १९८९ सालचा ‘सिमसिटी’ हा त्याचा मूळपुरुष. तिसरे घराणे बुरुज बांधून संरक्षण करण्याचे. शत्रू लाटांनी येतात, प्रत्येक लाट आधीपेक्षा जड असते आणि दोन लाटांमधल्या वेळात बचावाची तयारी करायची असते. २००९ सालचा ‘प्लान्ट्स व्हर्सेस झॉम्बीज’ आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना माहीत असेल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्यांना एकेक जुने दुखणे आहे. नगररचनेच्या खेळात सुरुवातीचे तास रंगतात. एकदा शहर स्थिरावले, तिजोरी भरली, की काही पणाला लागत नाही आणि खेळ कंटाळवाणा होतो. बुरुजांच्या खेळात उलटे घडते. समजा, दर लाटेला शत्रूचे बळ १० टक्क्यांनी वाढते. हे चक्रवाढ व्याज आहे. पन्नास लाटांनंतर ते बळ मूळच्या सुमारे ११७ पट होते. खेळाडूची मिळकतही अशीच वाढत असल्यामुळे तिसऱ्या लाटेच्या वेळी केलेली चूक तिसाव्या लाटेपर्यंत फुगत जाते. हार तिसाव्या लाटेला दिसते, कारण मात्र कधीच मागे पडलेले असते.

वादळाविरुद्ध वसाहत

या दुखण्यांवर रोगलाइटची मात्रा लागू पडेल का, असा विचार करून अलीकडे अनेक खेळ तयार झाले. त्यांपैकी एक उदाहरण सविस्तर पाहू. पोलंडमधील एरेमाइट गेम्स या छोट्या संस्थेचा ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’, म्हणजे ‘वादळाविरुद्ध’, हा खेळ ८ डिसेंबर २०२३ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्याआधी २०२१ पासून त्याची अपुरी आवृत्ती विक्रीला होती आणि खेळाडूंच्या प्रतिक्रिया पाहून तिच्यात सतत बदल केले जात होते.

यात शत्रूच्या फौजा नाहीत, त्यामुळे बुरुजही नाहीत. पण चढत जाणाऱ्या संकटाविरुद्ध तग धरण्याचे सूत्र तेच आहे. सतत पावसात भिजणाऱ्या जंगलात खेळाडूने राणीसाठी वसाहत उभारायची असते. दोन मोजपट्ट्या समांतर चालतात. एक खेळाडूच्या प्रतिष्ठेची, दुसरी राणीच्या अधीरतेची. पहिली आधी भरली तर डाव जिंकला, दुसरी आधी भरली तर हरला. जितकी झाडे तोडावीत, जितके जंगल उघडावे, तितके जंगल अधिक वैरी होते. माणूस, बीव्हर, सरडे अशा निरनिराळ्या जातींच्या रहिवाशांच्या आवडीनिवडी सांभाळाव्या लागतात. एक डाव साधारण एक ते दोन तासांत संपतो. ठरावीक काळानंतर महावादळ येते आणि नकाशावरच्या साऱ्या वसाहती पुसून टाकते. उरते ते राणीचे मूळ शहर, आणि तेथे मिळवलेल्या सुधारणा पुढच्या डावांना उपयोगी पडतात.

म्हणजे शहर स्थिरावून कंटाळा येऊ लागण्याच्या आतच डाव संपतो. खेळाडूंनी सर्वांत जास्त वाखाणली ती हीच गोष्ट. तक्रारीही झाल्या. आरंभी एकदम फार माहिती अंगावर येते, ही एक. शहर उभे राहिले न राहिले तोच ते सोडावे लागते, ही दुसरी. नगररचनेच्या जुन्या चाहत्यांना आपले शहर सजवत बसायचे असते. आणि तिसरी तक्रार नशिबाची: हव्या त्या इमारतीचा आराखडा मिळतच नाही! ही तिसरी तक्रार आपल्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे.

हार कोणाची?

डॅनिश संशोधक येस्पर यूल यांनी २००९ साली खेळातील अपयशावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकदाही न हरता खेळ पुरा करणाऱ्यांपेक्षा, थोडे हरून मग पुरा करणाऱ्यांनी खेळाला अधिक पसंती दिली, असे त्यात आढळले. दुसरा निष्कर्ष आणखी महत्त्वाचा आहे. ‘हरलो ते माझ्यामुळे’ असे ज्यांना वाटत नव्हते, त्यांचे खेळाविषयीचे मत वाईट होते. हरण्याची जबाबदारी स्वतःकडे घेता येणे हे खेळाडूला हवेसे वाटते. कारण चूक माझी असेल तर ती सुधारणेही माझ्याच हाती असते.

आता नशीब या चित्रात कोठे बसते? त्यासाठी नशिबाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. सापशिडीत आपण काहीच ठरवत नाही. फासा पडतो आणि सोंगटी हलते. पत्त्यांच्या डावात पाने नशिबाने येतात, पण ती हाती आल्यावर कशी खेळायची ते आपण ठरवतो. पत्त्यांमध्ये नशीब निर्णयाच्या आधी येते. याउलट, काही युद्धखेळांत हल्ल्याचा निर्णय आपण घेतो आणि तो लागू पडला की नाही हे नंतर यदृच्छेने ठरते. तेथे नशीब निर्णयाच्या नंतर येते.

‘अगेन्स्ट द स्टॉर्म’मध्ये नशीब बहुतांशी आधी येते. कोणत्या जाती मिळाल्या, कोणते आराखडे समोर आले, हे यदृच्छेने ठरते. खेळाडू त्यांतून निवड करतो. पुढे गिरणीत किती पीठ निघेल हे फारसे फाशावर अवलंबून नसते. म्हणून मनासारखा आराखडा न मिळालेला खेळाडू कुरकुरला, तरी हरल्यावर त्याला बहुधा दिसते की समोर आलेल्या दुसऱ्या आराखड्यावरही भागले असते.

मनातले पंचाहत्तर टक्के

निर्णयानंतर येणारे नशीब मात्र भलतेच अप्रिय ठरते. ‘सिव्हिलायझेशन’ या प्रसिद्ध खेळाचे जनक सिड मायर यांनी २०१० साली खेळ-रचनाकारांच्या परिषदेत याची मासलेवाईक हकीकत सांगितली. खेळाडूचे बळ शत्रूच्या तिप्पट असताना, म्हणजे विजयाची संभाव्यता चारात तीन असताना तो हरला, की त्याला ती फसवणूक वाटे. उलट बळ एक-तृतीयांश असताना तो जिंकला, तर तक्रार शून्य! लागोपाठ दोनदा हरल्यावर तर खेळातच दोष आहे असे लोक म्हणत. अखेर रचनाकारांनी गणितात बदल करून आधीच्या निकालांचा विचार पुढच्या निकालात घेतला.

गणित काय सांगते? एका लढाईत हरण्याची संभाव्यता १/४, म्हणून दोन ठरावीक लढायांत लागोपाठ हरण्याची १/१६. हे विरळ वाटते. पण खेळाडू दोनच लढाया खेळत नाही. वीस लढायांच्या मालिकेत कोठेतरी लागोपाठ दोन पराभव येण्याची संभाव्यता सुमारे ६४ टक्के आहे. म्हणजे ज्याला खेळाडू अन्याय म्हणतो, ते तीनांपैकी जवळजवळ दोघांच्या वाट्याला येणारच!

‘फायर एम्ब्लेम’ या जपानी मालिकेच्या रचनाकारांनी वेगळी युक्ती केली. २००२ सालापासूनच्या तिच्या अनेक खेळांत एका यदृच्छ संख्येऐवजी दोन संख्यांची सरासरी घेतली जाते. दोन फाशांची बेरीज ७ होण्याचे सहा मार्ग आहेत, पण २ किंवा १२ होण्याचा एकेकच. त्याचप्रमाणे दोन संख्यांची सरासरी मध्याकडे झुकते. परिणामी पडद्यावर ७५ टक्के दिसत असताना खरी संभाव्यता सुमारे ८८ टक्के असते. ९० च्या जागी सुमारे ९८, आणि २५ च्या जागी सुमारे १३. पडद्यावरचा आकडा खोटा असतो, पण खेळाडूला तोच खरा वाटतो! संभाव्यतेचे धडे शिकवताना आपण ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. विद्यार्थ्याच्या मनातले ७५ टक्के म्हणजे ‘जवळजवळ नक्की’ असते, आणि सूत्र पाठ करून ही समजूत जात नाही.

पसंतीची टक्केवारी

संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानात खरेदीदार खेळाची शिफारस करतो किंवा करत नाही. ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’ला शंभरात नव्वदहून अधिक शिफारशी मिळालेल्या आहेत. पण याचा अर्थ खेळाला शंभरापैकी नव्वद गुण मिळाले असा नव्हे. सर्वांना जेमतेम आवडलेल्या खेळालाही शंभर टक्के शिफारशी मिळू शकतात. ऐंशी जणांनी डोक्यावर घेतलेल्या आणि वीस जणांना नकोसा झालेल्या खेळाला मात्र ऐंशीच मिळतील.

संख्याही पाहावी लागते. दहांपैकी दहा शिफारशी आणि हजारांपैकी ९५० शिफारशी यांत पहिला खेळ वरचढ दिसतो. पण संख्याशास्त्राची नेहमीची ९५ टक्के खात्रीची पद्धत वापरली, तर पहिल्याची खरी पसंती ७२ टक्क्यांइतकी खालीही असू शकते, दुसऱ्याची मात्र साधारण साडेत्र्याण्णवच्या खाली जात नाही. शिवाय मत देतात ते बहुतेक स्वतःहून हा प्रकार निवडून विकत घेणारेच. ज्यांना तो मुळातच नको आहे, ते दुकानात फिरकतही नाहीत. म्हणून या टक्केवारीवरून ‘लोकांना हरणे आवडते’ असा निष्कर्ष काढता येणार नाही. विशिष्ट अटींवरचे हरणे अशा खेळाच्या चाहत्यांना चालते, एवढेच म्हणता येते.

वर्गातले हरणे

त्या अटी आता मांडता येतात. हार स्वस्त असावी, एकदोन तासांची असावी, वर्षभराची नव्हे. तिचे कारण हरणाऱ्याला दिसावे. ते कारण त्याच्या हातात असावे. आणि हरल्यावर काहीतरी शिल्लक उरावे. आपली वार्षिक परीक्षा या चारही कसोट्यांवर लावून पाहावी. ती महाग असते. उत्तरपत्रिका अनेकदा परत मिळत नाही, म्हणजे कारण दिसत नाही. आणि नापास झाल्यावर ज्या विषयात चांगले गुण होते, तोही बहुधा पुन्हा पहिल्यापासून घोकावा लागतो. बुरुजांच्या खेळातला तिसऱ्या लाटेचा दोष तर येथे हुबेहूब दिसतो. पाचवीत कच्चे राहिलेले अपूर्णांक आठवीच्या बीजगणितात पराभव घडवतात, आणि विद्यार्थी समजतो की आपल्याला बीजगणित जमत नाही.

शिल्लक उरण्याबाबत एक इशारा मात्र हवा. रोगलाइट खेळांवर जुना आक्षेप आहे की खेळाडू अधिक हुशार झाला म्हणून जिंकत नाही, साठलेल्या सुधारणांमुळे जिंकतो. कृपागुणांवर पास होण्यासारखेच हे. ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’मध्ये यावर उपाय म्हणून काठिण्याच्या वाढत्या पायऱ्या आहेत. नेहमीच्या पातळ्या संपल्यावर आणखी वीस! म्हणजे जे शिल्लक उरते, त्याच्या बरोबरीने आव्हानही वाढते. दुसरा फरक असा की खेळ खेळाडूने निवडलेला असतो, शाळा विद्यार्थ्याने निवडलेली नसते. म्हणून वर्गाचा खेळ करून सारे प्रश्न सुटतील, असे आम्ही म्हणणार नाही.

तरी दोन गोष्टी उद्याच करून पाहता येतील. पहिली: एका पिशवीत तीन निळे आणि एक लाल मणी ठेवा. प्रत्येक गटाने मणी काढून, नोंदवून, परत पिशवीत टाकत वीस नोंदी कराव्यात. त्याआधी मात्र अशाच वीस नोंदी केवळ कल्पनेने लिहून ठेवाव्यात. लागोपाठ दोन लाल मणी कोणत्या यादीत अधिक वेळा येतात, ते फळ्यावर मांडा. कल्पनेच्या यादीत ते बहुधा कमी येतील. दुसरी: पुढची छोटी चाचणी तपासल्यावर गुण लगेच सांगू नका. चुकलेल्या प्रत्येक उदाहरणाशेजारी चूक कोणत्या पायरीवर झाली, ते विद्यार्थ्यालाच शोधून लिहू द्या, आणि आठवड्याने तीच चाचणी थोड्या बदलाने पुन्हा घ्या. बरोबर आलेली उदाहरणे शिल्लक म्हणून जमा धरा. तिसऱ्यांदा पेपर लिहायला कोण खुशीने बसते, ते पाहा.