पिंपरीचे घोडे आणि घोणशीचं विष

निमगाव सावा परिसरात, जुन्नरच्या पूर्वेला, ऊस आणि कांदा. शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की दारं धरायला अंधारातच जावं लागतं. तिथे कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर जीव काचेच्या बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीवर अवलंबून. ही भुकटी म्हणजे सर्पदंशावरची लस, घोड्याच्या रक्तातली प्रथिनं.

परळच्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ मध्ये तिच्या संस्थापकाचं, हाफकिनचं नाव मिळालं. ही लस बनवणाऱ्या, त्याच परंपरेतल्या महामंडळाचे घोडे जुन्नरच्याच पुणे जिल्ह्यात, पिंपरीला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अल्प मात्रेपासून वाढवत घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तात विष धरणारी प्रतिपिंडं तयार होतात.

विषही मुख्यतः प्रथिनंच. नागाच्या विषातलं एक प्रथिन जेमतेम साठ-सत्तर अमिनो आम्लांचं, पण गंधकाच्या बंधांनी इतकं घट्ट आवळलेलं की तीन बोटं पुढे काढल्यासारखा त्याचा आकार होतो. मज्जातंतूचा निरोप स्नायू जिथे घेतो, नेमकी तीच जागा ते अडवून बसतं. पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. घोणशीच्या विषातली प्रथिनं रक्त गोठवणारे घटक भलत्या वेळी जागे करून संपवून टाकतात. म्हणून दवाखान्यात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त पातळच वाहिलं, तर लस लगेच सुरू.

प्रतिपिंड चार साखळ्यांचं, ‘वाय’ अक्षराच्या आकाराचं. विष पकडतात ती दोन हातांची टोकं. खालचा दांडा त्या कामाचा नसतो, म्हणून पेप्सिननं, म्हणजे जठरात अन्न पचवणाऱ्या विकरानं, तो कापून टाकतात. हात शाबूत राहतात.

भुकटी पाण्यात विरघळवताना बाटली खळखळवायची नाही, हलकेच फिरवायची. फेस झाला, तर प्रथिनांची घडी मोडू शकते आणि घडी मोडली की पकड गेली.

मिलिलिटरभर लस घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करते, मण्यारीचं ०.४५. एका दंशातलं विष त्याहून कितीतरी जास्त असू शकतं, म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. मण्यारीच्या विषानं मज्जातंतूंची टोकं एकदा निकामी केली, की लस ती दुरुस्त करू शकत नाही. मग कृत्रिम श्वासावर वाट पाहावी लागते. सुकवलेली लस फ्रिजशिवाय टिकते. त्यामुळे गावाजवळच्या आरोग्य केंद्रात तिचा पुरेसा साठा नसण्याला कोणतंही कारण मला पटत नाही.