चुकलं तरी थांबायचं नाही

पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलं, पण धरण खूप आटलं की ते पुन्हा दिसतं. काठावरच्या मंडळींना हे सांगायला नको. टीव्हीच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं.

अमेरिकेतली पहिली विनोदी कौटुंबिक मालिका घ्या. 'मेरी के अँड जॉनी' १८ नोव्हेंबर १९४७ रोजी ड्युमाँट वाहिनीवर सुरू झाली. मेरी के आणि जॉनी स्टर्न्स हे खरेखुरे नवरा-बायको, आणि कथाही न्यूयॉर्कमधल्या नवपरिणित जोडप्याचीच. लिहायचे जॉनी. प्रक्षेपण थेट. नट बोलला की त्याच क्षणी घरोघरी दिसला. वाक्य विसरलं, दार अडकलं, तरी थांबायची सोय नाही. वगात सोंगाड्या जसा साथीदाराची चूक हसत सावरून घेतो, तसं इथे जोडीदारानं सावरायचं. (एका घरात राहणाऱ्यांना ते सोपं जात असावं, लटकी भांडणंही जमत असतील!)

१९४८ मध्ये मेरी केला दिवस गेले. लपवणार किती? तेही कथेत घातलं. डिसेंबरात मुलगा झाला आणि काही आठवड्यांचं ते बाळ पडद्यावरही आलं. कार्यक्रम किती लोक पाहतात, याचा कुणालाच अंदाज नव्हता. जाहिरातदारानं पत्र पाठवणाऱ्या पहिल्या दोनशे जणांना आरसा देऊ केला. पत्रं आली नऊ हजारांच्या आसपास!

१९५० मध्ये मालिका संपली. व्हिडिओ टेपचं यंत्र आलं १९५६ मध्ये. त्याआधी कार्यक्रम जपायचा तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावावा लागे. तशा प्रतीही बहुतेक नष्ट झाल्या. लुसिल बॉल आणि डेसी आर्नाझ या दुसऱ्या जोडप्यानं १९५१ मध्ये 'आय लव्ह लुसी' प्रेक्षकांसमोर, पण फिल्मवरच चित्रित केली. म्हणून लुसी आजही दिसते, मेरी के नावापुरती उरली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याआधी आपला संसारी विनोद रेडिओवर होता. 'प्रपंच'मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. नुसत्या आवाजावर त्यांनी घर उभं केलं.

उजनीच्या पुनर्वसित गावांत कुणाच्या ट्रंकेत भजन-भारुडाच्या जुन्या कॅसेट असतील, तर त्या ओलीत ठेवू नका. फितीला बुरशी धरते. एखाद्या जाणत्या पोराकडून त्या संगणकावर उतरवून घ्या, आणि गाणाऱ्याचं नि गावाचं नाव सोबत लिहून ठेवा.