पालकांच्या फोनवर येणारी काळी चित्रे

सोलापुरातील पालकांशी बोलताना अलीकडे एकच तक्रार वारंवार आमच्या कानी येते. मुलाच्या फोनवर देखरेखीचे ॲप बसविले. त्याच्या स्क्रीनची चित्रे ठरावीक वेळाने आपल्या फोनवर येतील असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात मात्र येतात ती काळीकुट्ट चित्रे. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका गृहस्थांनी मिस्सेनंतर आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "फादर, पोरगा काहीतरी लपवतोय. रात्रीचे नऊ वाजले की सगळे फोटो काळे." आदल्या रात्री मुलावर हातही उगारला गेला होता. म्हणून या काळ्या चित्रांचा अर्थ नीट समजून घ्यावा, असे आम्हांला वाटले.

ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ॲप बनविणाऱ्याला आपल्या पानावर 'फ्लॅग सिक्युअर' नावाची एक खूण लावता येते. ही खूण असलेल्या पानाचे चित्र फोन कोणालाच घेऊ देत नाही. त्या जागी काळा पडदा येतो. बँकांची अनेक ॲप्स ही खूण वापरतात, आणि आपला पिन चोराच्या हाती पडू नये म्हणून ते इष्टच आहे. चित्रपट दाखविणारी ॲप्स, क्रोममधील 'इनकॉग्निटो' पाने, व्हॉट्सॲपवर एकदाच पाहता येणारे फोटो, शिकवणीवर्गांची कित्येक ॲप्स, या सर्वांच्या बाबतीत असेच घडते. हा अडथळा मुलाने उभा केलेला नसतो. तो मोडून देतो असे सांगणारे ॲप भेटले तर त्यापासून दूरच राहावे. जे बँकेचे कुलूप उघडते ते तुमचेही उघडू शकते.

तरीही काही वेळा दोष खरोखरच देखरेखीच्या ॲपचा असतो. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. मुलाला शेजारी बसवून त्याच्या फोनवर घड्याळ किंवा कॅल्क्युलेटर उघडावा. तेथील चित्रही काळे आले, किंवा आलेच नाही, तर परवानगी तुटली आहे असे समजावे. स्क्रीन टिपण्याची सोय इतर ॲप्सना २०१४ च्या ॲन्ड्रॉइड ५ पासून मिळाली, परंतु २०२३ च्या ॲन्ड्रॉइड १४ पासून नव्या ॲप्सना प्रत्येक वेळी नव्याने संमती घ्यावी लागते. फोन बंद करून सुरू केला की आधीची संमती संपते. बॅटरी वाचविण्याची व्यवस्थाही मागे चालणारी ॲप्स बंद पाडते. सेटिंग्जमध्ये त्या ॲपला तेथून वगळावे लागते. फोन कुलूपबंद असताना काही टिपले जाणार नाही, हे तर उघडच आहे. आयफोनवर मुलाने स्वतः रेकॉर्डिंग सुरू केल्याशिवाय दुसरे ॲप स्क्रीन टिपूच शकत नाही, तेव्हा तेथे या सोयीसाठी पैसे मोजू नयेत.

घड्याळाचे चित्र स्वच्छ आले आणि विशिष्ट वेळचीच चित्रे काळी असली, तर सेटिंग्जमधील 'डिजिटल वेलबीइंग' उघडावे. कोणते ॲप त्या दिवशी किती वेळ व साधारण केव्हा वापरले गेले, याची नोंद तेथे मिळते. मग त्याच ॲपमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून हातानेच स्क्रीनशॉट घेऊन पाहावा. फोनने नकार दिला, म्हणजे खूण त्या ॲपची आहे.

आमच्या त्या गृहस्थांनी व मुलाने हे सारे एकत्र बसून केले. रात्री नऊनंतर उघडले जाणारे ॲप शिकवणीवर्गाचे निघाले. पाठांची नक्कल होऊ नये म्हणून वर्गाने चित्रे घेणे बंद ठेवले होते. मुलगा इतकेच म्हणाला, "पप्पा, मला विचारायचं ना."

क्रोमच्या वेळेत काळी चित्रे येत असतील तर मात्र विचारणा अवश्य करावी. तेथेही चित्रांच्या मागे लागण्यापेक्षा गूगलचे 'फॅमिली लिंक' बरे, असे आमचे मत आहे. ते मूल काय वाचते याची चित्रे दाखवीत नाही. पण नवे ॲप घेण्यापूर्वी पालकांची अनुमती मागते, वेळेची मर्यादा घालते आणि देखरेखीखालील खात्यावर 'इनकॉग्निटो' उघडूच देत नाही. आयफोनवर २०१८ पासून 'स्क्रीन टाइम' आहे. दोन्ही विनामूल्य आहेत.

मुलाला कोणी फोनवरून धमकावीत असेल, तर ते संदेश पुसू नयेत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत.