वादळाआधी भरलेली बॅटरी

एखाद्या वस्तीपुरती, रुग्णालयापुरती किंवा बाजारपेठेपुरती वीज तयार करणारी, साठवणारी आणि वाटणारी छोटी यंत्रणा म्हणजे मायक्रोग्रिड. एरवी ती मुख्य ग्रिडला जोडलेली असते. ग्रिड कोसळली की ती वेगळी होते आणि स्वतःच्या बळावर चालते.

अशा यंत्रणेचे मोल पोर्तो रिकोला फार महागात कळले. 20 सप्टेंबर 2017 रोजी ‘मारिया’ चक्रीवादळाने त्या बेटावरची सगळी वीज गेली. ती सर्वत्र परतायला जवळपास 11 महिने लागले. डोंगरातल्या अदहुंतास गावी ‘कासा पुएब्लो’ या लोकसंस्थेच्या छपरावर सौरपॅनेल होते. वैद्यकीय उपकरणे चालवण्यासाठी लोक तिथे येऊ लागले. 2023 मध्ये गावातल्या दुकानांसाठी सौर मायक्रोग्रिड सुरू झाल्या. शेजारच्या मायक्रोग्रिडनी एकमेकींना वीज द्यावी, यासाठी अमेरिकेची ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा तिथे नियंत्रणप्रणालीवर काम केले आहे.

अशा मायक्रोग्रिड चालवताना मशीन लर्निंगचा, म्हणजे नोंदींवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमचा, मोठा उपयोग वादळ येण्यापूर्वीच होतो. आभाळ भरले की पॅनेल मंदावतात, आणि बॅटरीत वीज मोजकीच मावते. हवामानाचा अंदाज आणि आजवरचा वापर यांवरून शिकलेला प्रोग्रॅम पुढच्या काही तासांत किती वीज मिळेल आणि किती लागेल, हे सांगतो. त्यामुळे ग्रिड चालू असतानाच बॅटरी काठोकाठ भरून ठेवता येते. ग्रिड तुटल्यावर कोणता भार चालू ठेवायचा आणि कोणता तोडायचा, हे तो संगणकावरच्या हजारो काल्पनिक वादळांत चुकत-सुधारत शिकतो.

काल्पनिक वादळे लागतात, कारण खरी महावादळे क्वचितच येतात. नोंदी असतात त्या शांत दिवसांच्या. वादळात तर लोकांचा वीजवापरच बदलून जातो. अशा वेळी प्रोग्रॅमचा अंदाज साफ चुकू शकतो. म्हणून व्होल्टेज आणि वारंवारता सांभाळण्याचे क्षणार्धातले काम इन्व्हर्टरच्या ठरीव नियमांकडेच असावे आणि शिकलेल्या प्रोग्रॅमने सावकाशीचे निर्णय तेवढे घ्यावेत. हा प्रोग्रॅम चालवणारा संगणकही गावातच हवा, कारण वादळात मोबाइलचे मनोरेही बंद पडतात.

3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळानंतर रायगडमधली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा ठिकाणी आधी पाण्याचा पंप चालावा की लसींचा फ्रीज, हे प्रोग्रॅमवर सोडता येणार नाही. तो क्रम गावाने पावसाळ्यापूर्वीच ठरवून द्यायला हवा.