परसातील खुराडे : नवख्याने बांधताना काय लक्षात घ्यावे

देशातील २०व्या पशुगणनेनुसार (२०१९) परसात पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख होती. २०१२च्या गणनेच्या तुलनेत ही वाढ जवळपास ४६ टक्के आहे. याच कालावधीत व्यावसायिक कुक्कुटपालनातील पक्ष्यांची संख्या केवळ साडेचार टक्क्यांनी वाढली. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ या जातींमुळे, तसेच देशी अंड्यांना मिळणाऱ्या चांगल्या भावामुळे अनेक कुटुंबे प्रथमच या व्यवसायाकडे वळली आहेत. ग्रामीण भागात अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो आणि अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो. म्हणूनच आठ-दहा कोंबड्यांचे नुकसान बाहेरून किरकोळ दिसले, तरी त्या घरासाठी ते किरकोळ नसते.

पक्षी कोणते आणावेत, त्यांना खाद्य कोणते द्यावे, याची चौकशी बहुतेक जण करतात. खुराड्याचा विचार मात्र अखेरीस होतो. हाताशी असलेल्या फळ्या, जुना पत्रा आणि बाजारातील स्वस्त जाळी यांतून ते एखाद्या दुपारी उभे राहते. सुतारकामाचा अनुभव नसलेल्या व्यक्तीलाही भक्कम खुराडे बांधणे शक्य आहे. त्यासाठी ते कोणापासून संरक्षण देणार आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

धोका रात्रीचा

पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा रात्री झाडाच्या फांदीवर बसतो. अंधारात कोंबडीला फारच कमी दिसते. त्यामुळे अंधार पडल्यावर ती बसल्या जागेवरून सहसा हलत नाही. फांदीवर ही सवय तिचे रक्षण करते. बंदिस्त जागेत शत्रू शिरल्यास हीच सवय तिच्या जिवावर बेतते. मुंगूस, उदमांजर, रानमांजर किंवा भटका कुत्रा आत शिरला, तर तो एका पक्ष्यावर थांबत नाही. सकाळी सगळे खुराडे रिकामे झालेले आढळते. घुशी आणि धामण अंडी व पिल्ले पळवतात.

मुंगूस आणि धामण या दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना पकडणे किंवा मारणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे भक्कम खुराडे हाच पाळणाऱ्यापुढील योग्य मार्ग आहे.

जागा आणि आकार

रात्रीच्या मुक्कामासाठी प्रत्येक मोठ्या कोंबडीला सुमारे दोन चौरस फूट जागा पुरेशी होते. दहा कोंबड्यांसाठी सहा फूट लांब व चार फूट रुंद, म्हणजे २४ चौरस फुटांचे खुराडे योग्य ठरते. कोंबड्या दिवसाही बंदिस्त ठेवायच्या असतील, तर जाळीचे अंगण जोडून प्रत्येकीमागे आठ ते दहा चौरस फूट जागा द्यावी.

जागा उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी असावी. खुराड्याच्या लांब बाजू उत्तर व दक्षिणेकडे ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद भिंतींवर पडते आणि आतील भाग कमी तापतो. शहरात किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवारात काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक स्वराज्य संस्थेचे नियम विचारून घ्यावेत.

चौकट काटकोनात हवी

नवख्या माणसाचे काम बिघडते ते बहुधा पहिल्याच टप्प्यावर. चौकट तिरकी बसली, की दार लागत नाही, पत्रा सरळ बसत नाही आणि कोपऱ्यांत फटी राहतात. यावर सोपा उपाय आहे. कोपऱ्यापासून एका बाजूवर तीन फुटांची आणि दुसऱ्या बाजूवर चार फुटांची खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. चारही कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. सहा बाय चार फुटांच्या चौकटीत प्रत्येक कर्ण सुमारे सात फूट अडीच इंच भरतो. दोन्ही मापे सारखी आल्याखेरीज पुढे जाऊ नये. उभे खांब ओळंब्याने तपासावेत.

कामाचा क्रम जोते, खांब, छप्पर, जाळी आणि शेवटी दार असा ठेवावा. जोते जमिनीपासून फूट-दीड फूट उंच असावे. त्यासाठी कोकणात जांभा, तर इतरत्र विटा किंवा दगड वापरता येतात. ईशान्य भारतात बांबूच्या पायांवर उचललेली खुराडी दिसतात. अतिवृष्टीच्या प्रदेशात ती रचना उपयुक्त आहे. जुने लाकूड चालते, परंतु रंगाचे पोपडे निघणाऱ्या फळ्या टाळाव्यात, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. जुने सिमेंटचे पत्रे घरी कापू नयेत. त्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

जाळी आणि कडी

बाजारात ‘मुर्गा जाळी’ या नावाने मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवण्याची ताकद तिच्यात नसते. कुत्रा ती फाडतो आणि तिच्या मोठ्या छिद्रांतून साप सहज शिरतो. रात्रीच्या जागेसाठी अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, जाड तारेची वेल्डेड जाळी वापरावी. ती खिळे वाकवून अडकवण्याऐवजी लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूने घट्ट करावी. मुर्गा जाळी दिवसाच्या अंगणावर घार-कावळ्यांपासून आडोसा म्हणून चालेल.

उकरून आत येणाऱ्या प्राण्यांसाठी जाळी जमिनीखाली फूटभर गाडावी, किंवा खुराड्याभोवती बाहेरच्या बाजूने दीड फूट रुंद आडवी पसरून तिच्यावर दगड-माती टाकावी. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या असाव्यात. नुसती आडवी फिरणारी लाकडी खिट्टी धक्क्याने किंवा पंजाने सरकू शकते.

हवा, ऊन, पाऊस

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात; ती धापा टाकून शरीर थंड ठेवते. विदर्भ, तेलंगण किंवा राजस्थानच्या उन्हाळ्यात चारही बाजूंनी बंद, पत्र्याचे खुराडे तिच्यासाठी भट्टी ठरते. विष्ठेतून निघणारा अमोनिया साचल्यास डोळे व श्वसनमार्ग बिघडतात. म्हणून भिंतीचा खालचा दीड फूट भाग भरीव ठेवून वरचा भाग जाळीचा ठेवावा. पावसाच्या झोताकडील बाजूला गोणपाटाचा पडदा लावावा, परंतु छपरालगतची हवेची जागा थंडीतही बुजवू नये. समोरची उंची सहा फूट व मागची पाच फूट ठेवल्यास छपराला पुरेसा उतार मिळतो. वळचण दीड-दोन फूट बाहेर काढावी आणि उन्हाळ्यात पत्र्यावर पेंढा किंवा झावळ्या टाकाव्यात.

आतील रचना

बसण्यासाठी दीड ते दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली लाकडी दांडी सुमारे दोन फूट उंचीवर आणि भिंतीपासून फूटभर अंतरावर बसवावी. प्रत्येक कोंबडीला आठ ते दहा इंच लांबी लागते. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांब, रुंद व उंच असे एक खोके पुरते. ते दांडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे. अन्यथा कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. जमिनीवर साळीच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा, तो वरचेवर हलवावा आणि ओला भाग काढून टाकावा.

खाद्य व पाण्याची भांडी छपराखाली ठेवावीत. भारतात बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. वन्य पक्ष्यांच्या विष्ठेतून हा विषाणू पसरू शकत असल्याने त्यांचा खाद्य-पाण्याशी संपर्क टाळणे महत्त्वाचे आहे. मानमोडी रोगाचे लसीकरण पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने वेळेवर करावे. पक्षी अचानक मोठ्या संख्येने मरू लागल्यास मृत पक्षी इतरत्र न फेकता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्वरित कळवावे.

पक्षी आणण्यापूर्वी

खुराडे पूर्ण झाल्यावर ते एक रात्र रिकामे ठेवावे. आत दिवा ठेवून बाहेरून चहूबाजूंनी पाहावे. जाळीखेरीज जिथून उजेडाची तिरीप येते आणि जिथे करंगळी शिरते, ती प्रत्येक फट लाकडी पट्टीने किंवा जाळीने बंद करावी. नव्या कोंबड्या पहिला आठवडा आतच ठेवल्यास त्यांना जागेची सवय लागते आणि पुढे त्या सांजवेळी आपसूक परततात. त्यानंतर रोजचे काम एवढेच उरते : दिवेलागणीला कोंबड्या मोजाव्यात आणि दोन्ही कड्या लागल्याची खात्री करावी.